सविताला, ओमच्या रक्ताबद्दल

सेलू, जि. परभणी

चि. सौ. सविता,

काल तुझ्या आईचा फोन आला. शाळेतल्या तपासणीत ओमचं रक्त 8.5 भरलं म्हणे. सात वर्षांच्या लेकराचं साडेअकरा तरी पाहिजे. आणि परवाच तू मला म्हणालीस, ‘आत्या, सगळं ठीक आहे.’ हे ठीक?

दिवाळीत मी पाहिलं ना. सकाळी चहा-खारी, दुपारी पाच रुपयांचं पाकीट, रात्री पोळीचे दोन घास. आणि रागावता कुणाला, तर त्यालाच. अगं, पाकिटाला पैसे देतं कोण? जावईबापू भाकरी बघून नाक मुरडतात, मग पोरगं काय शिकणार?

8.5 म्हणजे खेळ नाही, बाई. डॉक्टरांचं औषध एक दिवस चुकवू नकोस, ते काम भाकरीनं व्हायचं नाही. पण त्याचा चहा आजच बंद कर. जेवणाच्या आगेमागे चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. वरणावर, पालेभाजीवर लिंबू पिळलं की जास्त लागतं. आणि कृषी विद्यापीठ तुझ्या परभणीतच की! त्यांनी आणि इक्रिसॅटनं मिळून 2018 साली ‘परभणी शक्ती’ ज्वारी आणली. साध्या ज्वारीत किलोमागे 30 मिलिग्रॅम लोह, तर हिच्यात 45. जस्तही जास्त. यंदा आपल्या शेतात तीच पेरली होती. नाव परभणीचं, आणि परभणीतल्या लेकराच्या ताटात मैदा!

मी तरी कुठं शहाणी होते. 1972च्या दुष्काळात रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, तेव्हापासून भाकरी म्हटलं की गरिबीच आठवायची. परभणीला शिकायला होते तेव्हा माय एसटीनं डबा धाडायची. मैत्रिणींसमोर मी तो उघडायचीच नाही. ‘जेवलीस का गं?’ माय विचारायची. ‘हो,’ म्हणायचे. ते ‘हो’ अजून सलतं.

राग मानू नकोस, पोरी. ओमला मारून-मुटकून खाऊ घालू नकोस. धपाटे करशील तेव्हा एक गोळा त्याच्या हातात दे, थापू दे वेडावाकडा. आपण थापलेलं लेकरू टाकत नाही. तांदुळजा बारीक चिरून पिठात घातलास तर त्याला कळायचंही नाही. दप्तरात शेंगदाण्याचा लाडू टाक. पाकीट एकदम सुटणार नाही, आठवड्याला एक राहू दे.

आणि तू काय खातेस गं? सगळ्यांचं झाल्यावर उरलेली अर्धी पोळी चहात बुडवून, उभ्या उभ्या. तेही मी पाहिलंय. फोनवर तुझी आई ओमसाठी रडत होती, मला मात्र रात्रभर तूच दिसत होतीस. त्याला दवाखान्यात नेशील तेव्हा तुझंही रक्त तपासून घे आणि आकडा मला खरा सांग. ज्वारीचं पोतं धाडतेय. जड आहे, तू उचलू नकोस.

तुझी,
आत्या