पहिला राउटर घेताना हात, कान आणि श्वासही जपूया

राउटर म्हटलं की घरातल्या मुलांना इंटरनेटचा डबा आठवतो. आज आपण बोलणार आहोत ते सुतारकामाच्या राउटरबद्दल. लाकडात खाच पाडणारं, कडा गोल करणारं हे मशीन. वस्तीतली कितीतरी मुलं फर्निचरच्या कामाला जातात. चार पैसे साठले की स्वतःचं मशीन घ्यावं, असं त्यांना वाटतं आणि ते योग्यच आहे. मग आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला? कारण कोणतं मशीन घेतो आणि ते कुठे चालवतो, यावर आपली बोटं, कान आणि फुप्फुसं अवलंबून असतात.

लहान की मोठं?
लहान मशीनला कारागीर ट्रिमर म्हणतात. ते एका हातात मावतं. प्लायवूडवरच्या सनमायकाची कड छाटणं, कडा गोल करणं, उथळ खाच पाडणं एवढं ते नीट करतं. मोठा राउटर दोन मुठींचा, चार-पाच किलोंचा असतो. दाराच्या कुलपाची खोल खाच किंवा जाड सागवानाचं काम त्याचं. नवशिक्याने आधी ट्रिमर घ्यावा, असं आम्ही सुचवू. वजन कमी, झटका कमी, हात लवकर बसतो.

दुकानात काय पाहावं?
• वेग कमी-जास्त करण्याची सोय हवी. ट्रिमर मिनिटाला 30,000 फेऱ्यांपर्यंत फिरतो, म्हणजे सेकंदाला 500. मोठ्या व्यासाचं बिट मोठ्या राउटरवर आणि कमी वेगातच चालवायचं.
• कोलेटचं माप विचारा. बिटाचा दांडा 6 मिलिमीटर आणि पाव इंच, म्हणजे 6.35 मिलिमीटर, अशा दोन मापांत मिळतो. दिसायला सारखेच, पण 6 चा दांडा पाव इंचाच्या कोलेटमध्ये बसवला तर फिरताना सुटू शकतो.
• धूळ ओढणारा पाइप जोडता येतो का, ते पाहा.
• जुनं मशीन घेत असाल तर चालवून पाहा. घरघर आवाज, दांड्याला खेळ, मोठ्या ठिणग्या, चिकटपट्टी लावलेली वायर यांपैकी काहीही दिसलं तर स्वस्त असलं तरी नको.
• सगळेच पैसे मशीनवर घालू नका. चष्मा, मास्क आणि कानातले बोळे यांचे पैसे आधी बाजूला काढा.

धूळ साधी नाही
लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवलं आहे. धोका मुख्यतः नाकाच्या पोकळीला. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि त्यातल्या डिंकात सहसा फॉर्माल्डिहाइड असतं. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-95 मास्क नाकावर घट्ट बसेल असा घालावा.

एका खोलीच्या घरात राउटर चालवू नये. लेकरं, म्हातारी माणसं आणि दमेकरी तीच हवा ओढतात. काम अंगणात किंवा मोकळ्यावर, शेजाऱ्यांच्या दारापासून दूर करावं. नंतर कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. कामाचे कपडे बाहेर झटकून वेगळे धुवावेत.

कान
85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंतच ऐकावा, असं मानलं जातं. दर 3 डेसिबल वाढले की ही वेळ निम्मी होते. म्हणजे 94 ला फक्त एक तास. राउटर सहज 90 च्या वर जातो. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, म्हणून कानात बोळे पहिल्या दिवसापासून.

हात आणि डोळे
• बिट बदलताना प्लग काढायचाच. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.
• दांडा पूर्ण आत सरकवून दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या, मग आवळा.
• लाकूड शिकंज्याने टेबलाला पक्कं बांधा.
• बाहेरच्या कडेवर मशीन घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने न्या. चुकीच्या दिशेने नेलं तर ते हातातून पुढे पळतं.
• खोल खाच एकदम नको. दर फेरीला तीनेक मिलिमीटर पुरे.
• सैल हातमोजे, गळ्यातला गमछा, हातातला दोरा-कडं नको. लांब केस बांधलेले असावेत.
• डोळ्यात कण गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. खुपत राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. खोल जखम झाली तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

नाक सतत एकाच बाजूने बंद राहणं, वारंवार रक्त येणं, कामाच्या दिवशीच खोकला वाढणं, अशी लक्षणं असतील तर सरकारी दवाखान्यात दाखवा आणि आपण लाकूडकाम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. विचारल्याशिवाय ते त्यांना कळणार नाही.

घरातल्या माय-बहिणींनाही आमची विनंती आहे. मुलाने मशीन आणलं की पहिला प्रश्न किमतीचा नको. मास्क आणि चष्मा आणलास का, हे आधी विचारा.