खांद्यावरची सायकल

सायकलीने माणसाला वाहून न्यावे, हा जगाचा रिवाज आहे. परंतु सायकलीचा असाही एक खेळ आहे, की ज्यात माणसालाच वारंवार सायकल वाहून न्यावी लागते. त्या खेळाला सायक्लोक्रॉस म्हणतात. युरोपात हिवाळा आला, शेते ओली झाली, रानवाटा चिखलाने भरून गेल्या, म्हणजे या खेळाचे दिवस येतात. स्वार पक्का रस्ता सोडून रानात शिरतात. वाटेत ओढा, कुंपण किंवा निसरडी चढण आडवी आली की धावत्या सायकलीवरून खाली उडी मारायची, सायकल उचलून खांद्यावर टाकायची, तशीच धाव घेऊन अडथळा ओलांडायचा आणि पलीकडे पोहोचताच पुन्हा सायकलीवर झेप घ्यायची. तोंडावर चिखल उडत असतो, बोटे थंडीने बधिर झालेली असतात, आणि तरीही हे सारे मौजेने चालते!

हा खेळ फ्रान्समध्ये रुजला. दान्येल गूसो नावाचा एक शिपाई आपल्या घोडेस्वार अधिकाऱ्याबरोबर सायकलीवरून रानावनांतून हिंडत असे; त्यातूनच त्याला या शर्यतींची कल्पना सुचली, असे सांगतात. त्याच्या खटपटीने १९०२ साली फ्रान्सची पहिली राष्ट्रीय सायक्लोक्रॉस स्पर्धा झाली. रस्त्यावरील शर्यतींत नाव मिळवलेले स्वार प्रथम याकडे हिवाळ्यातला व्यायाम म्हणून पाहत. पण १९०७ साली ही स्पर्धा जिंकणाऱ्या ओक्ताव लापीझने १९१० मध्ये फ्रान्सची सर्वांत मोठी शर्यत जिंकली आणि आपल्या यशाचे श्रेय चिखलातल्या या मेहनतीला दिले. तेव्हापासून लोक या खेळाकडे अधिक आदराने पाहू लागले.

या चिखलाच्या शाळेत जे तयार झाले, त्यांत यूजेन क्रिस्तॉफ हा अग्रगण्य होता. त्याचा जन्म २२ जानेवारी १८८५ रोजी झाला. पॅरिसच्या दक्षिण वेशीला लागून असलेले मालाकॉफ हे त्याचे गाव. घरची स्थिती बेताची असल्यामुळे लहान वयातच तो कुलपे व किल्ल्या बनवण्याचे काम शिकू लागला. हातोडी, कानस आणि तापलेले लोखंड यांच्याशी त्याचा जो परिचय झाला, तो पुढे एका विलक्षण प्रसंगी उपयोगी पडणार होता. सायकलीचे वेड मात्र त्याला कामाहून अधिक होते. १९०४ साली तो व्यावसायिक स्वार बनला. १९०९ ते १९१४ अशी सलग सहा वर्षे फ्रान्सचे सायक्लोक्रॉसचे अजिंक्यपद त्याच्याकडे होते. आणि युद्धानंतर १९२१ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने ते सातव्यांदा मिळवले. त्याच्या भरघोस मिशांमुळे लोक त्याला कौतुकाने 'म्हातारा गॉल' म्हणत. गॉल हे फ्रान्समधील प्राचीन रहिवासी.

त्याच्या अंगी केवढा चिवटपणा होता, हे १९१० च्या एप्रिल महिन्यात दिसून आले. इटलीत मिलान शहरापासून समुद्रकाठच्या सान रेमोपर्यंत दर वर्षी एक शर्यत होते. त्या वर्षी वाटेतील तुर्कीनो घाटात हिमवादळ सुरू झाले. रस्ता बर्फाखाली गडप झाला. स्वारामागून स्वार शर्यत सोडू लागले. क्रिस्तॉफचे हातपाय ताठरले आणि पोटात कळा येऊ लागल्या. तेव्हा त्याने वाटेवरच्या एका खाणावळीत आसरा घेतला. मालकाने त्याचे ओले कपडे उतरवले, त्याला घोंगडीत गुंडाळले आणि शेकोटीजवळ बसवले. थोडी ऊब येताच हा पुन्हा निघाला! सुमारे साडेबारा तासांनी तो सान रेमोला पोहोचला, तेव्हा त्याच्या पुढे कोणीही नव्हते; आणि त्याच्यामागून जे आले, ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. हा विजय त्याला महाग पडला. हिमदंशामुळे एक महिना रुग्णालयात काढावा लागला आणि पूर्वीची प्रकृती परत येण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

परंतु क्रिस्तॉफचे नाव आजही घेतले जाते, ते त्याने जिंकलेल्या शर्यतीमुळे नव्हे. ते घेतले जाते त्याने गमावलेल्या एका शर्यतीमुळे.

'टूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. जवळजवळ सगळ्या फ्रान्स देशाला सायकलीने प्रदक्षिणा घालावयाची, असे तिचे स्वरूप. 'लोतो' या क्रीडाविषयक वृत्तपत्राचा संपादक आंरी देग्रांज हा तिचा प्रमुख चालक. तो मोठा कडक गृहस्थ होता. स्वाराने जिंकावे ते केवळ स्वतःच्या बळावर, असा त्याचा आग्रह असे. म्हणून त्या काळी असा नियम होता, की सायकल मोडली तर ज्याची त्याने स्वतःच ती दुरुस्त केली पाहिजे. कोणाची मदत घेता कामा नये. आजच्या शर्यतीत स्वारांच्या मागे मोटारी असतात, त्यांत सुट्या सायकली असतात आणि चाक निकामी झाले तर काही सेकंदांत नवे मिळते. त्या वेळी यांपैकी काहीच नव्हते. चढ-उतारासाठी गती बदलणारी आजची यंत्रणाही या शर्यतीत नव्हती. पुष्कळ स्वार मागील चाकाच्या दोन्ही बाजूंस लहानमोठी दातेरी चक्रे बसवीत आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक काढून उलटे लावीत.

१९१२ च्या शर्यतीत क्रिस्तॉफने लागोपाठ तीन टप्पे जिंकले. त्यांपैकी एका टप्प्यात तो आल्प्स पर्वतातून ३१५ किलोमीटर अंतर एकटाच सर्वांच्या पुढे धावत होता. तरी त्या वर्षी वेळेऐवजी गुणांवरून निकाल लावत असल्यामुळे त्याला दुसरे स्थान मिळाले. १९१३ साली गुणांची पद्धत रद्द झाली आणि वेळ मोजण्याचे ठरले. आता क्रिस्तॉफचीच पाळी, असे पुष्कळांना वाटत होते.

९ जुलै १९१३. बायोनपासून ल्यूशाँपर्यंत ३२६ किलोमीटरांचा टप्पा. मुंबईहून पुण्यास जाऊन त्याच दिवशी परत मुंबईस यावे, त्याहूनही हे अंतर थोडे अधिकच आहे; आणि वाटेत एका घाटाऐवजी पिरेनीज पर्वतातील अनेक घाट. त्यांत तुर्माले हा सर्वांत बिकट. त्याची खिंड २,११५ मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही ती सुमारे ४७० मीटर उंच. आदल्या वर्षीचा विजेता ओदिल दफ्रे याने त्या दिवशी शर्यत सोडली. फिलिप थीस हा बेल्जियन स्वार तुर्मालेच्या माथ्यावर प्रथम पोहोचला. क्रिस्तॉफ त्याच्या पाच मिनिटे मागे होता, पण आतापर्यंतचा सर्व वेळ जमेस धरता सर्वांच्या पुढे तोच होता.

घाट उतरत असताना त्याला हँडल चमत्कारिक वाटू लागले. ब्रेक दाबून तो थांबला आणि पाहतो तो पुढचा चिमटा मोडलेला! चिमटा म्हणजे सायकलीच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन पाय. हँडल वळवले की चाक वळते ते त्याच्यामुळे; खाचखळग्यांचे धक्केही तोच सोसतो. उतारावर ब्रेक दाबला म्हणजे सगळा भार पुढे येतो, तोही त्याच्यावरच. साखळी तुटली तर सायकल ढकलीत नेता येईल, टायर फाटला तर चाकाच्या कड्यावरही थोडे पुढे जाता येईल. पण चिमटा मोडला की सायकल ही सायकलच राहत नाही.

मागून एकेक स्वार येऊन पुढे निघून जाऊ लागला. क्रिस्तॉफच्या डोळ्यांत पाणी आले. पण तो बसून राहिला नाही. त्याने सायकल खांद्यावर टाकली, सुटलेले चाक हातात धरले आणि खालच्या खेड्याची वाट धरली. हिवाळ्याहिवाळ्यांतून हेच तर तो करीत आला होता! फरक एवढाच, की तेथे चढण शेपन्नास पावलांची असे आणि येथे दहा-बारा किलोमीटर चालायचे होते. कोठे आडवाट दिसली की तो तिने उतरे. शेवटी तो सेंत-मारी-द-कांपाँ या खेड्यात आला. एका मुलीने त्याला लोहाराच्या भट्टीपर्यंत वाट दाखवली.

लोहार भला माणूस होता. तो लगेच कामास हात घालणार, तोच शर्यतीचे पंच पुढे झाले. नियम तो नियम! लोहाराने तोंडाने सांगावे, पण हात लावू नये. मग क्रिस्तॉफने स्वतः भट्टीसमोर उभे राहून काम आरंभले. लोखंड लालभडक तापवायचे, ऐरणीवर ठोकायचे, थंड होण्यापूर्वी जोड बसवायचा आणि पुन्हा तापवायचे. कुलपे बनवताना शिकलेली विद्या आता कामास आली. पाहणाऱ्या पंचांपैकी एकाला भूक लागली आणि त्याने खाऊन येण्याची परवानगी मागितली. भूक लागली असेल तर कोळसा खा, मी तुमचा कैदी आहे आणि शेवटपर्यंत तुम्ही माझे पहारेकरी राहिले पाहिजे, असे क्रिस्तॉफने त्याला ऐकवले. बिचाऱ्याला उपाशी थांबावे लागले.

तीन तासांहून अधिक काळ हे काम चालले. मात्र एका गोष्टीत त्याचा निरुपाय झाला. दोन हातांपैकी एकात सांडशी, दुसऱ्यात हातोडी. मग भाता कोणी चालवायचा? लोहाराच्या भट्टीवर काम करणाऱ्या एका लहान मुलाने भाता ओढला. पंचांनी तेवढ्यावरून त्याला दहा मिनिटांचा दंड केला! पुढे तो कमी करून तीन मिनिटांचा करण्यात आला. नियम सर्वांना सारखा असावा हे खरे. पण ज्याचे तासच्या तास बुडाले आहेत, त्याच्या माथी आणखी काही मिनिटे मारण्यात पंचांनी कोणता न्याय साधला, हे सांगणे कठीण आहे.

चिमटा जोडला गेला. खिशात पाव कोंबून क्रिस्तॉफ पुन्हा सायकलीवर बसला. ल्यूशाँ अद्याप सुमारे ६० किलोमीटर दूर होते आणि मध्ये अास्पँ व पेरसूर्द हे दोन घाट उभे होते. ते दोन्ही ओलांडून तो मुक्कामी आला, तेव्हा विजेत्या थीसला येऊन पावणेचार तास उलटून गेले होते. शर्यत जिंकण्याची आशा संपली होती. तरीही दुसऱ्या टप्प्यास तो हजर होता. त्या वर्षी निघालेल्या १४० स्वारांपैकी केवळ २५ जण पॅरिसला परत आले. थीस पहिला आला. क्रिस्तॉफ सातवा होता.

पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि १९१५ ते १९१८ या काळात ही शर्यत भरलीच नाही. लापीझ, फाबेर व पतीब्रतों हे तिचे तीन विजेते त्या युद्धाच्या काळात मरण पावले. १९१९ साली शर्यत पुन्हा सुरू झाली, तेव्हा क्रिस्तॉफ ३४ वर्षांचा होता. आणि आश्चर्य असे, की पुन्हा तोच आघाडीवर होता. गर्दीत पहिला स्वार ओळखू यावा म्हणून देग्रांजने त्या वर्षी एक नवी कल्पना काढली. १९ जुलै रोजी ग्रनोबल येथे आघाडीच्या स्वाराला पिवळी बंडी देण्यात आली. 'लोतो' पत्र पिवळ्या कागदावर छापले जात असे, त्याचाच हा रंग. ही बंडी घालणारा पहिला स्वार यूजेन क्रिस्तॉफ. आज त्या बंडीसाठी जगातील उत्तमोत्तम स्वार झटतात. पण त्या दिवसांत लोक त्याला 'कॅनरी पक्षी आला' म्हणून चिडवीत आणि तो वैतागून जाई.

पॅरिस जवळ आले होते. मेट्झ ते डंकर्क हा ४६८ किलोमीटरांचा टप्पा चालू होता. युद्धाने त्या भागातील रस्त्यांची चाळण करून टाकली होती. व्हॅलेन्सियेन शहराजवळ दगडी फरसबंदीवर पुन्हा चिमटा मोडला. पुन्हा तीच शोधाशोध, पुन्हा स्वतःच्या हातांनी दुरुस्ती. एक तासाहून अधिक वेळ गेला, त्याबरोबर पिवळी बंडी गेली आणि फिर्मां लांबो हा विजयी झाला. क्रिस्तॉफ तिसरा आला. या वेळी मात्र फ्रान्सच्या जनतेला राहवले नाही. 'लोतो'ने त्याच्यासाठी निधी उघडला. कोणी पुष्कळ दिले, कोणी थोडे. देणाऱ्यांच्या नावांनी वृत्तपत्राची पानेच्या पाने भरली आणि १३ हजारांहून अधिक फ्रँक जमले.

त्यानंतरच्या दोन वर्षांत त्याने बॉर्दो ते पॅरिस ही लांब पल्ल्याची शर्यत दोनदा जिंकली. १९२२ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, पिवळी बंडी पुन्हा त्याच्या अंगावर आली. एवढ्या वयाच्या दुसऱ्या कोणत्याही स्वाराला ती मिळालेली नाही. त्याच वर्षी आल्प्समधील गालिब्ये घाट उतरताना त्याच्या सायकलीचा चिमटा तिसऱ्यांदा मोडला, आणि त्या वर्षीही तो शर्यत पुरी करूनच पॅरिसला आला. तो अकरा वेळा या शर्यतीत उतरला आणि आठ वेळा त्याने ती पुरी केली. ती जिंकणे त्याच्या नशिबी नव्हते. १९२५ साली चाळिसाव्या वर्षी तो अखेरचा उतरला, तेव्हा अठरावा आला.

१९२६ मध्ये तो शर्यतींतून निवृत्त झाला आणि १ फेब्रुवारी १९७० रोजी पॅरिस येथे त्याचे निधन झाले. सेंत-मारी-द-कांपाँ खेड्यात ती लोहारशाळा जेथे होती, तेथे त्या दिवसाची आठवण सांगणारी एक पाटी लावलेली आहे. त्याच्या नावाची आणखी एक खूण पुष्कळ काळ जगभर फिरत होती. पेडलावर पाऊल घट्ट बसावे म्हणून शर्यतीचे स्वार पोलादी कडी व चामडी पट्टा लावीत. 'क्रिस्तॉफ' हे नाव कोरलेल्या अशा कड्या व पट्टे अनेक दशके विकले जात होते. १९८० नंतर बुटाच्या तळव्यालाच अडकणारी नवी पेडले आली, आणि मग शर्यतीच्या सायकलींवरून त्या हळूहळू नाहीशा झाल्या.