भाड्याचे घर आणि लेखी करार

शिक्षणासाठी, उपचारांसाठी वा उपजीविकेच्या शोधात शहरात आलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो निवाऱ्याचा. मनाजोगते घर दिसले, की घरमालकाच्या शब्दावर विसंबून घाईने पैसे मोजले जातात. दोन्ही पक्ष प्रामाणिक असले, तरी काही महिन्यांनंतर दोघांच्या स्मरणात एकच गोष्ट राहील, याची शाश्वती नसते.

समजा, पुण्यात हडपसर भागात एका कुटुंबाने दरमहा ९,००० रुपये भाड्याने घर घेतले आणि ३०,००० रुपये अनामत दिली. अकरा महिन्यांनी घर सोडताना घरमालकाने रंगकामासाठी ८,००० रुपये कापून घेतले. अशी कपात करण्याचे ठरले होते काय? लेखी पुरावा नसेल, तर वाद मिटत नाही. आणि अनामत पूर्ण परत मिळाल्याखेरीज त्या कुटुंबाला दुसऱ्या घराची अनामत भरणे कठीण जाते.

एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने बंधनकारक आहे. त्यामुळे देशात अनेक ठिकाणी अकरा महिन्यांचा करार करून नोंदणी टाळण्याची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र ही सवलत नाही. ३१ मार्च २००० रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीचा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय, असा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते चुकीचे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

कायदा भाडेकरूवरही बंधन घालतो. ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची मुदत संपल्यावर घर रिकामे न केल्यास कलम २४ नुसार ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

म्हणून सही करण्यापूर्वी करार संपूर्ण वाचावा. भाडे, अनामत, मुदत आणि घर सोडण्याची पूर्वसूचना यांचा त्यात स्पष्ट उल्लेख हवा. वीजबिल, सोसायटीचा देखभाल खर्च व रंगकाम कोणाकडे, हेही लिहिलेले असावे. पंखे, नळ, दिवे यांची स्थिती नोंदवावी. भाडे व अनामत बँकेमार्फत द्यावी किंवा पावती घ्यावी. कराराची प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी.

लेखी करार मागणे म्हणजे घरमालकावर अविश्वास दाखवणे नव्हे. आपले हक्क आणि आपली कर्तव्ये दोन्ही पक्षांना आधीच ठाऊक असली, तर एकाच इमारतीत राहूनही संबंध सलोख्याचे राहतात.

स्वाध्याय
१. अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा का पडली?
२. नोंदणीकृत करारामुळे घरमालकाचे कोणते हित साधते?
३. भाड्याने घर घेताना करारात कोणत्या बाबी असाव्यात, याची यादी करा.