कल्हई : विज्ञानाचा एक पाठ

भंडारा शहर पितळी भांड्यांकरिता पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. जिल्ह्यातील पुष्कळ घरांत पितळेचा एखादा गुंड किंवा गंज अजूनही सापडतो. त्यास आतून कल्हई का करतात, असे विचारल्यास ‘चकाकीसाठी’ हे उत्तर मिळण्याचा संभव फार. ही समजूत प्रथम दूर करावी.

कल्हई नसलेल्या, काळवंडलेल्या पितळी वाटीवर लिंबाची फोड घासून दाखवावी. तेवढी जागा लख्ख होते. मग तेथील मळ गेला कोठे, हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा. तो रसात विरघळला, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. (रस कोणासही चाखू देऊ नये.) ताक, चिंचेचे सार किंवा अंबाडीची भाजी अशा भांड्यात राहिल्यास तांब्याचा अंश याच रीतीने अन्नात उतरतो. अन्न कळकते, ते पोटात गेल्यास मळमळ व वांत्या होतात. कथिलाचा पातळ थर अन्न आणि पितळ यांना एकमेकांपासून दूर ठेवतो.

कल्हईवाला भांडे घासून तापवितो, नवसागराची पूड टाकतो व कथिलाची कांडी टेकवितो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र पसरविले जाते. खरी मेख नवसागरात आहे. तापल्यावर त्यातून अमोनिया व आम्लवायू निघतात. लिंबाने केले तेच काम हे आम्ल करते, म्हणजे धातूवरील मळ काढते. मळक्या पृष्ठावर कथील धरतच नाही. त्याचा पांढरा धूर घशास लागतो, म्हणून मुलांस वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे करावे.

कथील महाग, शिसे स्वस्त; म्हणून भेसळीचा मोह होतो. शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूस विशेष अपाय करते. शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ धरून वाकविल्यास कुरकुर ऐकू येते. शिसे मुकाट्याने वाकते व कागदावर करडी रेघ उमटविते. मात्र थोडी भेसळ एवढ्याने ओळखू येत नाही, हेही सांगावे. डाख देण्याच्या जुन्या मिश्रणात शिसे असतेच. ते अन्नाच्या भांड्यास वापरू नये.

कल्हईच्या भांड्यात फोडणी का करीत नाहीत, हा प्रश्न मुलांनी घरी आजीस विचारून यावा. पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते. तापलेले तेल मात्र २३२ अंशांजवळ सहज पोहोचते.