बुळकांडीची लस : पुणे ते मुक्तेश्वर

लसीचा पाठ शिकविताना देवी व पोलिओ यांचा उल्लेख आपण करतोच. वसई-विरारकडील गावांतील मुलांना मात्र गोठाही तितकाच जवळचा. म्हणून गुरांच्या बुळकांडीची हकीकत त्यांना अवश्य सांगावी. ह्या रोगात जनावरास प्रखर ताप येई, तोंडात व्रण पडत, जुलाब लागत आणि आठ-दहा दिवसांत ते बहुधा दगावे. चिखलणीच्या तोंडावर बैलजोडी गेली की भातखाचर पडीक राही. सावकाराचे दार मग दूर नसे.

ह्या रोगावरील संशोधनासाठी सरकारने १८८९ साली पुण्यास जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा उघडली, हे फार थोड्यांस ठाऊक असते. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख. परंतु भरवस्तीत असा सांसर्गिक रोग बाळगून प्रयोग करणे धोक्याचे होते; म्हणून १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात, सुमारे ७,५०० फुटांवरील मुक्तेश्वरास हलविण्यात आली. नकाशावर ही दोन्ही स्थळे दाखवून 'इतक्या दूर का?' असे मुलांना विचारावे. 'सांसर्गिक' शब्दाचा अर्थ त्यांना आपसूक उमगतो.

१८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईस आले, ते मुक्तेश्वरासही गेले. त्यापूर्वी दक्षिण आफ्रिकेत, बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त टोचल्यास निरोगी जनावराचा बचाव होतो, असे त्यांनी दाखविले होते. उपाय खरा, पण एकास वाचविण्यासाठी आधी दुसरे मरावे लागे! पुढे रोगातून वाचलेल्या जनावराचे रक्तजल टोचू लागले. त्याचा गुण तत्काळ येई, तसा लवकर ओसरेही. कारण प्रतिद्रव्ये उसनी मिळत; शरीर ती स्वतः बनविण्यास शिकत नसे.

ते शिकविण्याचे काम अखेर शेळीने साधले. मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्स यांनी रोगाचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा पुनःपुन्हा नेला. शेळीच्या देहास सरावलेला हा विषाणू गाईबैलांच्या बाबतीत मवाळ झाला. तरी त्यांच्या शरीरास रोगाची ओळख पटवून देण्याइतका तो समर्थ राहिला. १९२७ च्या सुमारास सिद्ध झालेली ही लस काही नाजूक जातींना जड जाई; परंतु एकदा टोचल्यावर संरक्षण वर्षानुवर्षे टिके.

१९५४ साली देशव्यापी निर्मूलन मोहीम सुरू झाली. १९९५ नंतर भारतात बुळकांडी आढळली नाही, आणि २०११ साली ती जगातूनच नष्ट झाल्याचे घोषित झाले. देवीनंतर मनुष्याने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग.

घरच्या वडीलधाऱ्यांना बुळकांडी आठवते काय, हे मुलांनी विचारून यावे. ज्यांच्या घरी गुरे असतील त्यांनी घटसर्पाची व लाळ-खुरकुताची टोचणी शेवटची केव्हा झाली, तेही वहीत टिपून आणावे.