मुद्दा खरा, तरी लोक विरोधात! क्लाइव्ह पामरची केस

सरकारकडे अडकलेल्या पैशांवरच्या व्हिडिओत ही केस अर्धवट राहिली होती.

क्लाइव्ह पामर हा ऑस्ट्रेलियाचा खाणसम्राट. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात त्याचा लोहखनिजाचा प्रस्ताव राज्य सरकारने 2012 मध्ये अडवला. लवादाने 2014 मध्ये चूक सरकारचीच धरली. म्हणजे मुद्दा पोकळ नव्हता, बरं का! पण 2020 पर्यंत सरकार सांगू लागलं, मागणी 30 अब्ज डॉलरच्या घरात गेलीय, राज्याच्या वर्षभराच्या बजेटएवढी. मग खास कायदा करून दावाच बंद केला. एका माणसासाठी कायदा? मला हे पटत नाही. सुप्रीम कोर्टाच्या जागी असलेल्या तिथल्या हायकोर्टाने मात्र 2021 मध्ये तो उचलून धरला.

आता तुम्ही म्हणाल, लोकांना त्याची कीव का नाही आली? कारण टाउन्सव्हिल. तिथली त्याची निकेल कंपनी 2016 मध्ये बुडाली, सुमारे 800 कामगार घरी बसले. त्यांची देणी आधी करदात्यांनी भरली. पामरशी तडजोड झाली 2019 मध्ये. त्यात कोरोनात राज्याची सीमा उघडा म्हणून यानेच केस टाकली! शेवटी सिंगापूरच्या कंपनीमार्फत जवळपास 300 अब्जांचा दावा केला, तोही 2025 मध्ये फेटाळला गेला.

तुमचं बिल एखाद्या खात्याने 45 दिवसांवर अडवलंय? सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर बिनधास्त अर्ज करा. पण त्याआधी कामगारांचा पगार, पीएफ, छोट्या सप्लायरची उधारी बघा. आणि आकडा तेवढाच लिहा, जेवढ्याचा कागद फाइलला आहे.