पुरावा कोणी द्यायचा?

विहारात, कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा लग्नाच्या मांडवात एखादा विषय निघतो आणि बघता बघता वाद रंगतो. "देव नाही हे सिद्ध करून दाखव," "पूर्वापार चालत आले ते खोटे कसे असेल?" अशी वाक्ये कानांवर पडतात. आपली मुले हुशार आहेत; परंतु अशा वेळी ती नको त्या गोष्टीचा पुरावा देत बसतात आणि निरुत्तर होतात. म्हणून पुराव्याची जबाबदारी कोणाची व सदोष युक्तिवाद ओळखायचा कसा, याचा थोडा अभ्यास येथे करू.

पहिला नियम साधा आहे. जो विधान करतो, त्यानेच पुरावा द्यायचा. समोरच्याला ते खोडून काढता आले नाही, एवढ्याने ते खरे ठरत नाही. अमुक पिंपळावर भूत आहे असे म्हणणाऱ्याने ते दाखवावे. शंका घेणाऱ्याने रात्रभर झाडाखाली बसण्याचे कारण नाही. न्यायालयातही हेच तत्त्व आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात ते होते आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे.

या नियमाचे मोल आपल्याइतके कोणाला कळणार? २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या बांधवांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काही सवर्णांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची प्रथा अनादिकालापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. खालच्या दोन्ही न्यायालयांत हरल्यावर ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी तेथेही त्यांचे अपील फेटाळले गेले. कारण ही अनादिकालीन प्रथा त्यांना सिद्ध करता आली नाही.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तळे नगरपालिकेच्या ताब्यातील होते. तेव्हा काहींना मज्जाव करण्याचा हक्क जो सांगतो, त्यानेच तो सिद्ध करायला हवा होता. "अस्पृश्य तेथे पाणी भरत नव्हते" आणि "त्यांना अडविण्याचा आम्हांला हक्क आहे" ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यातून दुसरे आपोआप निघत नाही. "पूर्वापार आहे" हा पुरावा नसून तोच एक दावा आहे आणि त्यालाही पुरावा लागतो.

हा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात ब्रह्मसायुज्याचा मार्ग सांगणाऱ्यांना तथागत विचारतात की, तुमच्यापैकी किंवा तुमच्या आचार्यांपैकी कोणी ब्रह्म्याला पाहिले आहे काय? कोणीच पाहिलेले नसते. अशा परंपरेला तथागत एकमेकांना धरून चालणाऱ्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा देतात. रांग लांब झाली म्हणून कोणाला दिसू लागत नाही.

पुढे आचार्य दिङ्नाग यांनी खऱ्या हेतूची, म्हणजे कारणाची, तीन लक्षणे सांगितली. डोंगरावर धूर आहे म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान घेऊ. धूर त्या डोंगरावर खरोखर असला पाहिजे. अग्नी असतो अशा ठिकाणी, उदाहरणार्थ चुलीपाशी, तो आढळला पाहिजे. आणि जेथे अग्नी नाही तेथे तो मुळीच आढळता कामा नये. यांतील एक लक्षण जरी चुकले तरी तो हेतू नव्हे, हेत्वाभास होय. आता "नवस केला म्हणून मुलगा पास झाला" हे विधान तपासा. नवस न करणारी मुलेही पास होतात आणि नवस करून नापास होणारीही असतात. मग नवस हे कारण कसे?

नेहमी भेटणारे आणखी काही हेत्वाभास पाहू.

१) बहुमताचा आधार : २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या. लोकांनी पाहिले ते चमच्यातले दूध कमी होताना. मूर्ती दूध पिते, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष होता. पृष्ठताण व केशाकर्षण यांमुळे दूध मूर्तीवर ओढले जाऊन खाली ओघळत होते.

२) व्यक्तीवर घसरणे : "कालचे पोर, तुला काय कळते?" यात मुद्द्याला उत्तर नाही.

३) एकावरून सर्व : राखीव जागेवरचा एक विद्यार्थी नापास झाला की "हे सगळे असेच" असे म्हटले जाते. खुल्या जागेवरचा नापास झाला की मात्र तो एकटाच नापास होतो! येथे रागावू नका. "एकावरून सर्वांबद्दल कसे ठरविले?" एवढेच शांतपणे विचारा.

मात्र हे शस्त्र दुधारी आहे. अंगुत्तरनिकायातील कालाम सुत्तात केवळ ज्यांवर विसंबू नये असे दहा आधार सांगितले आहेत. ऐकीव गोष्ट, परंपरा आणि ग्रंथ त्यांत आहेत. नुसता तर्कही आहे. शेवटचा आधार आहे, "हा श्रमण आमचा गुरू आहे" हा. म्हणजे तथागतांनी स्वतःलाही सूट दिली नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही बुद्धाच्या नावावर सांगितलेले सर्वच बुद्धवचन न मानता ते बुद्धीच्या व तर्काच्या कसोटीवर घासून पाहण्यास सांगितले आहे. म्हणून "बाबासाहेब असे म्हणाले" असे भाषणात सांगताना ते कोठे व केव्हा म्हणाले, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. विधान आपण केले की पुरावा देण्याची जबाबदारीही आपलीच. आणि समोरच्याने सबळ पुरावा दिला, तर तो मान्य करणे हा पराभव नव्हे, तो सम्यक दृष्टीचाच भाग आहे.

विद्यार्थी मित्रांनो, यापुढे वादात उतरण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारा. विधान कोणाचे? त्याचा पुरावा काय? त्या पुराव्यातून तेवढेच निघते की जास्त काढले जात आहे? आवाज चढविण्याची गरज बहुधा पडणार नाही.

जय भीम!